जोसेफ नावाचा बटलर

हिचकॉकचा 'नटोरियस' मी किती वेळा पाहिलाय याचा हिशोब ठेवलेला नाही, पण निदान सात-आठ वेळा तर नक्कीच. आणि त्यातल्या पहिल्या पाच-सहा वेळांत मला तो माणूस दिसलाच नव्हता. म्हणजे डोळ्यांना दिसत होता, पण लक्ष जात नव्हतं. इन्ग्रिड बर्गमन आणि कॅरी ग्रँट पडद्यावर असताना दार उघडणाऱ्या बटलरकडे कोण बघतंय?

मग एकदा ताप आला होता, झोप लागत नव्हती, लॅपटॉप पोटावर घेऊन परत तोच पिक्चर लावला. गोष्ट पाठ असल्यामुळे नजर इकडेतिकडे फिरायला मोकळी होती. आणि लक्षात आलं की हा जोसेफ फार वेगळ्या प्रकारे उभा राहतो. हात बाजूला, मान जराशी पुढे, चेहऱ्यावर काही म्हणजे काहीच नाही. सिनेमातले नोकर एरवी किती हालतात बघा, आपलं अस्तित्व दाखवायला कुणी ट्रे उचलतो, कुणी उगाच भुवई चढवतो. हा तसलं काही करत नाही. आणि तरी फ्रेममध्ये तो आला की घरातली हवा जराशी थंड होते.

मी कॉलेजात असताना एका एकांकिकेत नोकराचं काम केलंय, म्हणून मला या गोष्टीचं जरा जास्तच. मला दोन वाक्यं होती. "साहेब, पाहुणे आलेत" आणि "बरं." या "बरं"वर मी घरी आरशासमोर आठवडाभर मेहनत घेतली होती आणि प्रयोगात ते इतक्या भावनेने म्हटलं की पहिल्या रांगेतलं कुणीतरी खुदकन हसलं. दिग्दर्शकाने विंगेत गाठून सांगितलं, तू नुसता उभा राहा रे बाबा, एवढंच कर. ते मला कधीच जमलं नाही. त्यामुळे हा जोसेफ कोण ते बघायला मी त्याच रात्री तापातच नाव शोधलं. श्रेयनामावलीत ॲलेक्स मिनोटिस. खरं नाव आलेक्सिस मिनोतिस. आणि पुढचं वाचून उठून बसलो.

हा माणूस ग्रीसचा हॅम्लेट होता. आणि नुसता अथेन्सपुरता नव्हे, १९३९ मध्ये ग्रीसचं नॅशनल थिएटर लंडनला गेलं तेव्हा शेक्सपिअरच्या गावात जाऊन, इंग्रजांसमोर, ग्रीक भाषेत त्याने हॅम्लेट केला होता. आपल्याकडे कुणी काशीत जाऊन काशीकरांना गंगेचं पाणी विकावं तसला प्रकार. आणि त्यानंतर सात वर्षांनी हा हॅम्लेट हॉलिवूडमध्ये शॅम्पेनच्या बाटल्या मोजतोय.

मूळचा तो क्रीट बेटावरच्या खानियाचा. जन्मनाव मिनोताकिस. क्रीटच्या आडनावांना शेवटी 'आकिस' लागतंच लागतं, आपल्याकडे 'कर' लागतं तसं, आणि ते मधून कापून त्याने मिनोतिस केलं, स्टेजवर भारदस्त वाटतं म्हणून असेल. एमिलिओस वेआकिस हा तेव्हाचा मोठा नट, त्याची मंडळी फिरत फिरत खानियात आली आणि 'ईडिपस'मधल्या किरकोळ कामाने या पोराची सुरुवात झाली. मग मारिका कोतोपूलीची कंपनी. ही बाई म्हणजे ग्रीक रंगभूमीवरची एक सम्राज्ञी, तिच्या हाताखाली शिकणं म्हणजे दिवसभर शिव्या आणि रात्री प्रयोग असणार असा माझा अंदाज. १९३२ मध्ये नॅशनल थिएटरचा पडदा उघडला, आणि त्याच्या पहिल्या काही वर्षांतच मिनोतिस तिथला मोठा नट झाला.

तोवर त्याला कतीना पाक्सिनू ही अभिनेत्री भेटली होती.

तिच्याबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल. पिरेअस बंदरातली श्रीमंत घरातली मुलगी, जिनिव्हाला जाऊन गाणं शिकलेली, ऑपेरा गायिका म्हणून सुरुवात केलेली, आणि पाक्सिनू हे तिच्या पहिल्या नवऱ्याचं आडनाव. घटस्फोट झाला, १९४० मध्ये मिनोतिसशी लग्न झालं, पण नाव तेच राहिलं. म्हणजे अख्ख्या जगात ही बाई जुन्या नवऱ्याच्या नावाने गाजली आणि मिनोतिसला त्याचं काही वाटलं असेल तर ते निदान स्टेजवर दिसलं नाही.

युद्धाच्या काळात ती अमेरिकेत पोचली आणि तिला 'फॉर हूम द बेल टोल्स' मिळाला. त्यात पिलार नावाची स्पॅनिश गनिमी टोळीतली रांगडी बाई. या एका कामासाठी सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर. आता गंमत बघा. त्या पिक्चरची नायिका कोण? इन्ग्रिड बर्गमन. म्हणजे १९४३ च्या पिक्चरमध्ये बायको बर्गमनच्या शेजारी उभी राहून ऑस्कर घेऊन गेली आणि १९४६ मध्ये नवरा त्याच बर्गमनच्या घरात नोकर. घरी जेवताना यावर काय बोलणं होत असेल हे ऐकायला मला फार आवडलं असतं.

आता परत जोसेफकडे येतो, कारण मला जे सांगायचंय ते तिथेच आहे.

'नटोरियस'ची गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रिओमध्ये काही नाझी मंडळी एका बंगल्यात कट शिजवतायत, बर्गमन हेरगिरी करायला त्यातल्याच एकाशी लग्न करते, आणि सगळं गुपित तळघरातल्या दारूच्या खोलीत आहे. चावी नवऱ्याच्या जुडग्यात. पार्टीच्या रात्री ती चावी तिने चोरलेली असते आणि शॅम्पेन संपत आली की नवरा तळघरात जाणार, म्हणजे सगळा थरार बर्फातल्या बाटल्या किती उरल्या यावर. (हिचकॉक स्वतः त्या पार्टीत येऊन एक ग्लास गटकन पिऊन जातो, म्हणजे बाटल्या कमी करण्यात दिग्दर्शकाचाही हातभार.) त्या बाटल्यांपाशी कोण उभा आहे? जोसेफ. आणखी शॅम्पेन आणायला मालकाबरोबर खाली कोण जातो? जोसेफ. चावी जुडग्यात नाही हे मालकाला कळतं त्या क्षणी त्याच्या शेजारी कोण असतं? तोच. आणि मग मालकाला, एवढ्या कटबाज माणसाला, आपल्या नोकरासमोर थाप मारावी लागते, की राहू दे, नको आता शॅम्पेन. मिनोतिस या वाक्यावर काय करतो? काही नाही. ऐकून घेतो. पण मला दर वेळी वाटतं की याला कळलंय.

आणि पुढे बर्गमनवर विषप्रयोग सुरू झाल्यावर ती कोसळते, तिला वर खोलीत नेतात आणि मालक जोसेफला सांगतो की टेलिफोन काढून टाक, बाईसाहेबांना विश्रांती हवीये. झालं. एक मालक, एक नोकर, एक फोन. तरी मला त्या अख्ख्या पिक्चरमधलं सगळ्यात भीतीदायक काय वाटतं विचाराल तर हे. खुनाला कुणी खून म्हणत नाही, नोकर हुकूम पाळतो, आणि एका बाईचा बाहेरच्या जगाशी संबंध संपतो.

आता हे सगळं मी एका बटलरमध्ये उगाच वाचतोय असं कुणी म्हणेल. म्हणोत. पण ग्रीक शोकांतिकेत वाढलेल्या नटाला नोकर म्हणजे काय असतं याचा जरा विचार करा. 'ईडिपस' आपल्याला माहीत आहे, नकळत बापाला मारून आईशी लग्न करून बसलेला राजा, पुलंनी 'राजा ओयदिपौस' म्हणून ते मराठीत आणलंय. त्या नाटकात खरं काय ते कुणाला माहीत असतं? राजाला नाही, राणीला उशिरा कळतं. खरं माहीत असतं ते मेंढपाळाला, ज्याला ते बाळ डोंगरावर टाकून यायला सांगितलं होतं आणि ज्याच्याने ते झालं नाही. दुसऱ्या गावाहून निरोप घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला. आणि शेवटी राजवाड्याचं दार उघडून एक नोकर बाहेर येतो आणि सांगतो की आत राणीने फास लावून घेतलाय, आणि राजाने तिच्या वस्त्रावरच्या सोन्याच्या पिना उपसून स्वतःच्या डोळ्यांत खुपसल्यात. ग्रीक नाटकात खून-आत्महत्या बहुतेक दाराआड होतात. प्रेक्षकाला दिसतं ते बंद दार आणि ते उघडून बाहेर येणारा माणूस. नाटकातलं सगळ्यात भयंकर भाषण त्याच्या वाट्याला, आणि त्याला साधं नावसुद्धा नसतं. निरोप्या, बस.

मिनोतिसने सुरुवातच 'ईडिपस'मधल्या किरकोळ कामाने केलेली. त्यामुळे रिओच्या बंगल्याचं दार उघडायला तो उभा राहिला तेव्हा "अरेरे, मी हॅम्लेट आणि हे काय नशिबी आलं" असं तोंड त्याने केलं नाही याचं मला नवल वाटत नाही. दार उघडणारा माणूस काय चीज असतो हे त्या सेटवर त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

बाकी हॉलिवूडने त्याला काही फार दिलं नाही. 'पॅनिक इन द स्ट्रीट्स' वगैरे पिक्चरमधून छोटी कामं. १९५५ मध्ये 'लँड ऑफ द फेरोज' आला, त्यात राजाचा जुना मित्र आणि पुजारी, आणि गोष्ट सांगणारा आवाजही त्याचाच. पिक्चर म्हणाल तर तेवढासा नाही, पण शेवट लक्षात राहतो. पिरॅमिडचे दगड आतून एकामागून एक घसरत बंद होतात आणि जोन कॉलिन्सला कळतं की आपण जिवंत गाडले गेलो, आणि ते तिला शांतपणे सांगणारा पुन्हा हाच. बंद दाराशी या माणसाचं काहीतरी नातं होतंच.

तोवर तो ग्रीसला परतला होता. जर्मनांचा ताबा, उपासमार, आणि ते संपत नाही तोच यादवी युद्ध, ते १९४९ पर्यंत चाललं. एवढं सगळं झालेल्या देशात परत येऊन या नवराबायकोने काय करावं, तर 'ईडिपस'. दिग्दर्शन मिनोतिस, ईडिपस मिनोतिस, योकास्ता पाक्सिनू, संगीतही पाक्सिनूचंच. १९५२ मध्ये ते न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर घेऊन गेले. जरा थांबून विचार करा, खऱ्या आयुष्यातले नवराबायको स्टेजवर नवराबायको, जे नंतर आई-मुलगा निघतात. घरून एकत्र निघायचं, हे करायचं, आणि एकत्र घरी जायचं.

आता एपिडॉरस. मी तिथे गेलेलो नाही. फोटो, नकाशे, व्हिडिओ यांच्यावर इतका वेळ घालवलाय की कुणी डोळे बांधून सोडलं तर स्वच्छतागृह कुठे ते सांगेन, पण गेलेलो नाही. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातलं नाट्यगृह, डोंगराच्या कुशीत, दगडी बाकांच्या ५५ रांगा, खाली ३४ आणि वर २१, मधोमध साधारण २० मीटरचं मातीचं गोल अंगण, समोर झाडं आणि टेकड्या. माणसं चौदा हजाराच्या आसपास मावतात. आणि ही जागा मुळात वैद्यकीचा देव आस्क्लिपिओस याचं देवस्थान, लोक दूरदूरहून बरं व्हायला यायचे. इस्पितळाच्या आवारात एवढं मोठं नाट्यगृह, हे मला फार आवडतं. शेकडो वर्षं मातीखाली होतं, १८८१ मध्ये उकरायला सुरुवात झाली. १९३८ मध्ये दिमित्रिस रोन्तीरिसने तिथे 'इलेक्ट्रा' केलं, पाक्सिनू इलेक्ट्रा, आधुनिक काळातला तिथला हा पहिला प्रयोग. मग युद्ध आलं आणि परत शांतता.

आणि १९५५ मध्ये एपिडॉरसचा महोत्सव रीतसर सुरू झाला तो मिनोतिसने बसवलेल्या 'हेकबी'ने. हेकबी म्हणजे ट्रॉयची राणी, पण नाटक सुरू होतं तेव्हा ट्रॉय उरलेलं नाही. शहर जळलंय, नवरा मारला गेलाय, ती गुलाम म्हणून तंबूत पडलीये आणि नाटकभर तिची उरलेली पोरं एकेक करून जातात. काम पाक्सिनूचं. महोत्सवाची सुरुवात म्हटल्यावर कुणीही काहीतरी मंगल, दिमाखदार निवडलं असतं ना? पण युद्ध आणि यादवी होऊन सहाच वर्षं झालेल्या देशात त्या दगडांवर बसलेल्या किती बायकांना हे नाटक समजावून सांगायची गरज पडली असेल?

मिनोतिसवर टीकाही खूप झाली, ती लपवण्यात अर्थ नाही. नॅशनल थिएटरची ती सगळी परंपरा, भरदार आवाज, लांब सूर, पुतळ्यासारख्या पोझेस, ती पुढच्या पिढीला फार जड आणि सरकारी वाटायची. तिकडे अथेन्समध्येच एका तळघरातल्या थिएटरात कारोलोस कून अगदी वेगळ्या वाटेने जात होता, १९५९ मध्ये त्याने बसवलेल्या 'पक्षी' या जुन्या ग्रीक विनोदी नाटकावर सरकारने दुसऱ्याच दिवशी बंदी घातली होती. तरुण पोरं अर्थातच कूनच्या बाजूची. मी त्या काळात तिथे असतो तर मीही तळघरातच बसलो असतो हे प्रामाणिकपणे कबूल करतो. मिनोतिसच्या ज्या काही चित्रफिती बघायला मिळतात त्यात मलाही कधीकधी वाटतं की बास, एवढं नको. आणि म्हणूनच तो जोसेफ मला जास्त छळतो. एवढा मोठा आवाज असलेला माणूस एवढा गप्प कसा राहू शकला?

याचं थोडंफार उत्तर मला डॅलसमध्ये सापडलं.

१९५८. टेक्सासमधल्या डॅलसच्या नव्या ऑपेरा कंपनीने मारिया कॅलस या जगप्रसिद्ध ऑपेरा गायिकेला घेऊन 'मेडिया' करायचं ठरवलं. केरुबिनीचा ऑपेरा, मूळ १७९७ चा. दिग्दर्शनाला मिनोतिसला बोलावलं, नेपथ्य आणि कपडे यानिस त्सारूखिस या ग्रीक चित्रकाराचे. मिनोतिस तोवर नाटकवाला, ऑपेरावाला नव्हे. कॅलस जन्माने न्यूयॉर्कची पण तेराव्या वर्षी आईबरोबर अथेन्सला आलेली, गाणं तिथेच शिकलेली, युद्धाचे दिवस तिथेच काढलेले. म्हणजे टेक्सासमधल्या तालमीत हे सगळे ग्रीकमध्ये बोलत असणार.

मिनोतिसने नंतर एक गोष्ट सांगितलीये. तालमीत मेडिया देवांना हाक मारते ती जागा आली आणि कॅलस एकदम गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी जमीन बडवायला लागली. मिनोतिस चकित. कारण हीच हालचाल, देव पाताळातले म्हणून जमिनीला हात मारून त्यांना उठवायचं, त्याने आणि पाक्सिनूने शोकांतिकांसाठी विचार करून काढली होती आणि ती कॅलसला माहीत असायचं काही कारण नव्हतं. त्याने विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? तर ती म्हणाली, कुणी नाही, या जागी हेच बरोबर वाटलं.

आता इथे दिग्दर्शकाने काय करावं? मी पाहिलेले बहुतेक दिग्दर्शक (आणि हौशी रंगभूमीवर मी भरपूर पाहिलेत, नावं घेत नाही) म्हणाले असते, छान, पण हात जरा वर घे, आणि डावीकडून ये. नटाने स्वतःहून काही केलं की त्यावर आपला शिक्का मारल्याशिवाय त्यांना राहवत नाही. मिनोतिसने ते तसंच ठेवलं. आणि ही गोष्ट पुढे जन्मभर सांगताना तो श्रेय तिला देत राहिला. जे आपण दोघांनी डोकं खाजवून शोधलं ते हिला आपोआप सापडलं, असं म्हणायला नटाचा इगो बराच बाजूला ठेवावा लागतो.

६ नोव्हेंबर १९५८ ला डॅलसला पहिला प्रयोग झाला आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने कॅलसला काढून टाकल्याची बातमी फुटली. बाई संध्याकाळी स्टेजवर गेली आणि मेडिया गायली. विश्वासघाताने पेटलेली बाई त्या रात्री तिला फार मेकअप न करताच सापडली असणार. मग हाच प्रयोग लंडनला, १९६१ मध्ये एपिडॉरसला, आणि वर्षअखेरीला मिलानच्या ला स्कालामध्ये. त्याआधी १९६० मध्ये एपिडॉरसलाच मिनोतिस आणि कॅलसचा 'नॉर्मा' हा ऑपेरा, तर पहिल्या रात्री पाऊस. उघड्यावरचं नाट्यगृह, काय करणार, सगळे भिजून घरी. ला स्कालामधली रात्र तर दंतकथाच झालीये. कॅलसचा आवाज तोवर उतरायला लागला होता, गॅलरीतून कुणीतरी नापसंतीने 'स्स्स' केलं. मेडिया आपल्याला दगा दिलेल्या नवऱ्याला, जेसनला, "क्रुदेल" म्हणते, निर्दय, लागोपाठ दोनदा. तिने पहिलं जेसनला म्हटलं. मग थांबली. वळून प्रेक्षागृहाकडे बघितलं आणि दुसरं त्यांना म्हटलं. बसवलेल्या हालचालींमध्ये हे नव्हतं हे सांगायला नको.

१९६७ मध्ये ग्रीसमध्ये कर्नल लोकांनी सत्ता बळकावली, तेव्हा मिनोतिस आणि पाक्सिनू दोघंही नॅशनल थिएटरमधून बाहेर पडले आणि स्वतःची कंपनी काढली. साठी ओलांडलेली माणसं. सरकारी थिएटरचा माणूस म्हणून ज्याला टोमणे बसले त्याने सरकार असं झाल्यावर नोकरी सोडली, हे टोमणे मारणाऱ्यांनी लक्षात ठेवलं की नाही कोण जाणे. त्या काळात पाक्सिनूने 'मदर करेज' केलं, स्वतःची पोरं गमावूनही गाडा ओढत राहणारी बाई. फेब्रुवारी १९७३ मध्ये ती कॅन्सरने गेली. हुकूमशाही त्यानंतर दीड वर्षाच्या आत पडली, ते तिने पाहिलं नाही.

लोकशाही आल्यावर मिनोतिसच्या हातात परत नॅशनल थिएटर आलं. आणि १९७५ मध्ये एपिडॉरसच्या त्या मातीच्या गोलात तो 'कलोनसमधला ईडिपस' म्हणून उतरला. ईडिपस आता आंधळा, म्हातारा, मुलीच्या हाताला धरून भटकणारा, मरायला जागा शोधणारा. सोफोक्लीसने हे नाटक नव्वदीच्या आसपास लिहिलं, त्याचा पहिला प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर झाला. कलोनस हे सोफोक्लीसचं स्वतःचं गाव, आज अथेन्समधली एक साधी वस्ती आहे, फ्लॅट, बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे, बसस्टॉप.

या नाटकात ईडिपस कसा मरतो ते कुणालाच दिसत नाही. तो सगळ्यांना मागे ठेवून एकटा निघून जातो. आणि मग कोण येतं? निरोप्या. तो येऊन सांगतो की आम्ही वळून पाहिलं तेव्हा ते तिथे नव्हते, आणि जे एकजण सोबत होते तो थीसियस राजा, त्यांनी काहीतरी बघवत नसल्यासारखा डोळ्यांवर हात धरला होता. इतकंच. चौदा हजार माणसांपुढे शोकांतिकेतल्या सगळ्यात मोठ्या राजाचा शेवट पुन्हा एका बिननावाच्या माणसाच्या तोंडून, आणि राजा झालेला मिनोतिस तेव्हा आत, मेकअप पुसत असेल किंवा अंधारात उभा राहून ते ऐकत असेल.

तो स्वतः नोव्हेंबर १९९० मध्ये गेला. अथेन्सच्या आयिऊ कोन्स्तांतीनू रस्त्यावर नॅशनल थिएटरची जुनी देखणी इमारत आहे आणि तिथून जवळच, त्याच रस्त्यावर, या दोघांच्या वस्तूंचं छोटं संग्रहालय आहे. कधी गेलोच तर आधी तिथे जाईन आणि एपिडॉरसची बस दुसऱ्या दिवशी पकडेन.

परवा परत 'नटोरियस' लावला. आई शेजारी येऊन बसली, तिला इंग्रजी पिक्चरचा कंटाळा, स्वेटर विणत होती. कॅरी ग्रँट शेवटी त्या बंगल्यावर येतो, जोसेफ दार उघडतो, साहेबांना सांगतो म्हणून आत जातो, आणि ग्रँट त्याला चुकवून जिना चढायला लागतो. आईने सुया थांबवून विचारलं, "हा नोकर आता त्याला पकडणार का रे?"

"नाही," म्हटलं, "तो फक्त दार उघडतो."

"मग मला कसली भीती वाटली?" म्हणाली, आणि परत टाके मोजायला लागली.